दुतोंड्या मारुती आणि आमचा नळ

शनिवार, रात्री.

नाशिकजवळच्या गंगापूर धरणातून गोदावरीत विसर्ग वाढवल्याची बातमी सकाळी आली आणि दुपारपर्यंत आमच्या सोसायटीतला प्रत्येक जण जलतज्ज्ञ झाला. तळमजल्यावरचे काका एरवी फक्त पार्किंगवरून बोलतात. आज मात्र होळकर पुलाखालून किती क्युसेक पाणी वाहते आहे, हे ते लिफ्टपाशी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होते आणि आकडा वाढला की त्यांच्या चेहऱ्यावर, स्वतःच्या ठेवीवर व्याज जमा झाल्यासारखे, समाधान दिसत होते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. म्हणजे दहा हजार क्युसेकच्या विसर्गात एका सेकंदाला पावणेतीन लाख लिटरांहून अधिक पाणी नांदूरमध्यमेश्वरमार्गे जायकवाडीकडे जाते. हा हिशेब मी न्हाणीघरात केला, कारण तेथे मला वेळच वेळ होता: नळाला करंगळीएवढी धार होती आणि तिच्याखाली लावलेली बादली अर्धीही भरली नव्हती. नदी दुथडी भरली की आमचा नळ का रुसतो, याची कारणे दरवर्षी वेगवेगळी सांगितली जातात. कधी वीज गेलेली असते, कधी पाणी इतके गढूळ आलेले असते की ते गाळायलाच वेळ लागतो. कारणे खरीही असतील. पण डोक्याला शाम्पू लावून उभ्या असलेल्या माणसाला ती पटवून देणे अवघड आहे.

तेवढ्यात ठाण्याहून आत्याबाईंचा फोन आला. बाहेरगावच्या नातेवाइकांना आमची आठवण पुरातच होते.

‘‘अगं, टीव्हीवर दाखवताहेत! कुठपर्यंत आलंय पाणी?’’

‘‘मारुतीच्या कमरेपर्यंत.’’

‘‘अगंबाई! आणि तुमच्याकडे?’’

आम्ही राहतो पाथर्डी फाट्याला, गोदाघाटापासून काही किलोमीटर दूर, तेही तिसऱ्या मजल्यावर. आमच्याकडे पाणी नाही, हेच तर आमचे दुःख. पण ते आत्याबाईंना दिलासा वाटला. मीटर, फूट, धोक्याची पातळी हे सगळे सरकारी कागदांवर ठीक असले, तरी नाशिककराला गुडघा, कंबर, छाती, गळा एवढेच कळते. पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती बुडाला की पूर मोठा, आणि काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागले की महापूर. त्यापुढचे मोजमाप म्हणजे १९६९ चा पूर. तो पाहिलेली ज्येष्ठ मंडळी नंतरच्या कोणत्याही पुराला पूर मानत नाहीत. २००८ सालच्या पुरालाही आमच्या सासऱ्यांनी जेमतेम पास केले होते.

आत्याबाईंच्या पाठोपाठ कुटुंबाच्या ग्रुपवर बुडालेल्या मारुतीचा फोटो आला. तो २०१९ च्या ऑगस्टमधला आहे. पाऊस सुरू झाला की तो दरवर्षी ‘आत्ताचे दृश्य’ म्हणून न चुकता येतो आणि त्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागते. मी तारीख लिहून कळवली, तर चुलतदिरांनी ‘काळजी घ्या’ असे उत्तर पाठवले.

संध्याकाळी नवऱ्याला ‘गंगेला पूर आलाय, बघून येऊ’ अशी हुक्की आली (नाशिककराची गंगा म्हणजे गोदावरीच). अख्ख्या शहराला ती एकाच वेळी आल्याने रविवार कारंजापाशीच गाडी अडकली. पुढे चालत गेलो, तर पुलाच्या कठड्याशी खच्चून गर्दी, पोलिसांच्या शिट्ट्या, भाजलेल्या कणसांचा धूर आणि पाण्याकडे पाठ करून फोटो काढणारी मुले. सराफ बाजार आणि भांडी बाजाराकडच्या दुकानदारांची मात्र माल वरच्या फळ्यांवर चढवण्याची लगबग चालली होती. त्यांच्याकडे पाहिल्यावर कणीस खाताना थोडे ओशाळल्यासारखे झाले, तरी खाल्ले.

घरी परतलो तेव्हा काका खालीच भेटले. विसर्ग कमी केल्याचे त्यांनी पडलेल्या आवाजात सांगितले. लिफ्टमध्ये सोसायटीची नवी सूचना चिकटवलेली होती: उद्या पाणी कमी दाबाने व गढूळ येण्याची शक्यता असल्याने सर्व सभासदांनी पाणी जपून वापरावे, उकळून प्यावे आणि टँकरची वर्गणी सोमवारपर्यंत जमा करावी. मी तुरटीचा खडा शोधून ठेवला आहे आणि पहाटेचा गजर लावला आहे.