चौऱ्याण्णवचा हिशेब

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या घरी गेल्या श्रावणात ब्रॉडबँडचा वेग १०० वरून ३०० मेगाबिट करून घेतला, आणि त्यानंतर तब्बल तीन आठवडे स्पीड टेस्टचा काटा ९४ च्या पुढे सरकला नाही. कधी ९३.८, कधी ९४.१, पहाटे, रात्री, रविवारी, भर पावसात, सारखेच. सेवा देणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्रावरील मुलीने आधी राउटर बंद करून चालू करायला सांगितला, मग लॅपटॉप जुना असेल असे सुचवले, आणि शेवटी "मॅडम, आमच्याकडून पूर्ण तीनशे सुटतंय" असे सांगून तक्रार बंद केली. तिचे म्हणणे खरे होते. हे मला पहिल्याच दिवशी उमजायला हवे होते, कारण मी नवी मुंबईतील एका तंत्रनिकेतनात संगणक जाळे आणि डेटा कम्युनिकेशन हाच विषय शिकवते, आणि तारेवरून जाणाऱ्या माहितीचा हिशेब ज्याने एकदा तरी मांडला आहे त्याला ९४ हा आकडा सगळी हकीकत सांगून टाकतो.

आकडा हलत नव्हता, ही पहिली खूण. आजूबाजूच्या वापरामुळे वेग घटतो तेव्हा तो रात्री नऊच्या सुमारास पडतो आणि पहाटे पुन्हा चढतो. दोष वाय-फायचा असेल तर हॉलमध्ये १८० आणि आतल्या खोलीत ६० असा खेळ चालतो. माझा लॅपटॉप तर वायरने जोडलेला होता. रात्रंदिवस एकाच जागी अडून बसलेला आकडा गर्दीचा नसतो, तो कुठल्यातरी ठरावीक मर्यादेचा असतो. इथे ती मर्यादा शंभराची होती: भिंतीतून गेलेल्या लॅन केबलच्या दोन टोकांवरील यंत्रांनी आपसात ठरवून १,००० मेगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर तडजोड केली होती.

मग आकडा १०० का दिसत नव्हता, ९४ च का, हा त्यातला खरा रंजक भाग आहे. लॅन केबलवरून यंत्रे ज्या नियमांनी बोलतात त्यांना इथरनेट म्हणतात, आणि इथरनेटच्या तारेवरून माहिती सलग धारेने जात नाही. ती फ्रेममध्ये बांधून पाठवली जाते, आणि एका फ्रेमच्या पोटात जास्तीत जास्त १,५०० बाइट मावतात. फ्रेम सुरू होण्यापूर्वी पलीकडच्या यंत्राला सावध करण्यासाठी ८ बाइटांचा एक ठरावीक ठेका पाठवावा लागतो. त्यामागून घेणाऱ्याचा ६ बाइटांचा पत्ता, पाठवणाऱ्याचा ६ बाइटांचा पत्ता आणि आत कोणत्या प्रकारचा माल आहे हे सांगणारे २ बाइट येतात. शेवटी पडताळणीचे ४ बाइट, ज्यांच्यावरून वाटेत काही बिघडले का ते घेणाऱ्याला कळते, आणि दोन फ्रेमच्या मध्ये १२ बाइट जातील एवढ्या वेळाची सक्तीची शांतता. म्हणजे १,५०० बाइट नेण्यासाठी तार १,५३८ बाइटांइतका वेळ अडकून राहते. त्यातही ते १,५०० पूर्णपणे आपले नसतात. २० बाइट आयपी या इंटरनेटच्या नियमावलीला द्यावे लागतात, कारण इंटरनेटवरचा पत्ता त्यात असतो. २० बाइट टीसीपी या तिच्या जोडीच्या नियमावलीला, कारण हा तुकडा मूळ मजकुरात नेमका कुठे बसतो याची नोंद तिथे असते. आणि पुष्कळ वेळा आणखी १२ बाइट टीसीपीच्याच वेळेच्या शिक्क्यासाठी जातात. हाती उरतात १,४४८. आता १,४४८ ला १,५३८ ने भागून पाहावे: ०.९४१ येते. शंभर मेगाबिटच्या तारेवर वापरणाऱ्याच्या पदरात पडणारा वेग म्हणजे ९४.१, आणि माझ्या स्क्रीनवर तीन आठवडे तोच दिसत होता. (याच ९४ ला ८ ने भागले की ११.७५ मेगाबाइट येतात, कारण ८ बिटांचा एक बाइट. "शंभरचा प्लॅन घेतला आणि डाउनलोड बारानेसुद्धा होत नाही" ही आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील कायमची तक्रार एवढ्या एका भागाकाराने मिटते. पण तो भागाकार तिथे मांडण्याचे धाडस मी आता करत नाही.)

शेकडा सहाचा हा खर्च कशासाठी सोसायचा, असे विद्यार्थी विचारतात. त्यांनी ट्रंक कॉल पाहिलेला नाही. ठाण्याहून पुण्याला फोन लागला की दोन्ही टोकांमधली एक वाट त्या दोघांसाठी राखून ठेवलेली असे. बोलता बोलता दोघेही गप्प झाले तरी ती वाट तिसऱ्याला मिळत नसे. माणसांच्या बोलण्याला ही व्यवस्था एकवेळ परवडते, संगणकांना मुळीच नाही, कारण संगणक क्षणभर धबधब्यासारखा ओततो आणि मग बराच वेळ मौन पाळतो. १९६० च्या दशकात अमेरिकेतील रँड संस्थेत पॉल बॅरन आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत डोनाल्ड डेव्हिस, हे दोघे एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकाच उत्तरावर आले: निरोपाचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालावा आणि सगळ्यांचे तुकडे एकाच तारेवरून मिसळून जाऊ द्यावेत. या तुकड्याला पॅकेट हे नाव डेव्हिस यांनी दिले. प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालायचा म्हटले की त्या पत्त्याची जागा मालातूनच काढावी लागते. तो सहा टक्के खर्च हाच आहे.

१,५०० या आकड्याचे मूळही असेच जुने आहे. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १९८० साली इथरनेटचे जे मानक प्रसिद्ध केले, त्यात वेग १० मेगाबिटचा होता आणि सगळी यंत्रे एकाच जाड तारेला लटकलेली असत. एक बोलत असताना बाकीच्यांनी थांबायचे, असा शिरस्ता असल्यामुळे कोणा एकाने फार वेळ तार अडवून ठेवू नये, हे पाहणे भाग होते. आज सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात त्या स्विच नावाच्या पेटीमुळे प्रत्येक यंत्राला स्वतःची तार मिळाली आणि वेग हजारो पटींनी वाढला, तरी १,५०० ची मर्यादा अजून जागची हललेली नाही, कारण जगभरची यंत्रे तिच्या भरवशावर चालतात.

आमच्या अभ्यासक्रमात हे सगळे ओएसआय नावाच्या प्रारूपातील, जाळ्याचे काम वाटून घेणाऱ्या सात थरांच्या रूपाने येते, आणि मुले ती सात नावे श्लोकासारखी म्हणून दाखवतात. ते सात थरांचे प्रारूप आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९८४ साली प्रसिद्ध झाले. त्याआधीच, १ जानेवारी १९८३ रोजी, इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेट या जाळ्याने टीसीपी-आयपी स्वीकारले होते आणि आजचे इंटरनेट त्याच वाटेने वाढले. म्हणजे नकाशा हाती पडेपर्यंत लोक दुसऱ्या घरात राहायला गेले होते. प्रारूप निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. कोणत्या थराला कशाची फिकीर नसावी, हे त्यातून चांगले कळते. पण सात नावे म्हणणाऱ्या मुलाला १,५३८ मधले कोणते बाइट कोणत्या थराने घेतले हे सांगता येत नसेल, तर मी त्याला गुण देताना हात आखडता घेते.

आता तार शंभरावर का उतरली ते पाहू. लॅन केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. प्रत्येक रंगाच्या तारेला त्याच रंगाचा पट्टा असलेल्या पांढऱ्या तारेशी पीळ घातलेला असतो. हा पीळ शोभेचा नाही. मिक्सर, पंख्याचा रेग्युलेटर, शेजारून गेलेली विजेची वायर, यांची लुडबुड जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखीच बसते. पलीकडचे यंत्र दोन तारांमधला फरकच तेवढा वाचत असल्यामुळे ती आपोआप वजा होते. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची, १८८१ सालची, टेलिफोनच्या तारांसाठी केलेली.

शंभर मेगाबिटला यांपैकी दोनच जोड्या लागतात, एक जाण्याची आणि एक येण्याची. हजार मेगाबिटला चारही लागतात, आणि प्रत्येक जोडीवर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणे चालते. प्रत्येक यंत्र कानावर पडणाऱ्या गोंगाटातून स्वतःचा आवाज वजा करून समोरच्याचे ऐकते. वर्गात दरवर्षी कोणालाच खरी न वाटणारी गोष्ट म्हणजे तारेवरील संकेत दोन्ही वेळी सारख्याच चालीने, सेकंदाला साडेबारा कोटी वेळा, पाठवले जातात. शंभरच्या वेळी दर चार बिटांसाठी पाच संकेत खर्ची पडतात, म्हणून साडेबारा कोटी संकेतांतून दहा कोटी बिट निघतात. हजारच्या वेळी विजेच्या दाबाच्या पाच पातळ्या वापरून एका संकेतात दोन बिट बसवले जातात, आणि चार जोड्यांचे मिळून शंभर कोटी होतात. बॉड (सेकंदाला जाणारे संकेत) आणि बिट यांतला फरक पाठ्यपुस्तकात दीड ओळीत आटोपलेला असतो. तो खरा इथे दिसतो.

तेव्हा माझ्या भिंतीत नारिंगी आणि हिरवी जोडी ठणठणीत होती, आणि उरलेल्या दोहोंपैकी एक मेली होती. ओळखपाळख पहिल्या दोन जोड्यांवरच होत असल्यामुळे दोन्ही यंत्रे सुरुवातीला मोठ्या उत्साहाने हजारवर तयार होतात, प्रत्यक्ष बोलू लागल्यावर चौथ्या जोडीवरून काहीच ऐकू येत नाही, असे काही वेळा फसले की निमूटपणे शंभरवर उतरतात. सगळीच यंत्रे इतकी समजूतदार नसतात. काही नुसतीच अडून बसतात आणि जोडणी होतच नाही. माझ्याकडची समजूतदार निघाली, म्हणूनच दोष लपून राहिला.

गणपतीच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेतून केबल तपासण्याचा टेस्टर घरी आणला. तो दोन तुकड्यांचा असतो. केबलच्या एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरा लावला की आकड्यांसमोरचे दिवे क्रमाने पेटत जातात. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, अंधार, आठ. पुन्हा एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, अंधार, आठ. सात म्हणजे पांढरी-तपकिरी. कपाटामागचा पारदर्शक प्लग बॅटरीखाली धरला तेव्हा बाकी सगळ्या तारा थेट टोकापर्यंत भिडलेल्या दिसल्या आणि ही सातवी तांदळाच्या दाण्याएवढी मागे राहिली होती. पितळी दाता तिच्यावर न बसता पुढच्या रिकाम्या जागेत बसला होता. हा प्लग घराचे काम निघाले तेव्हा क्रिंपर, म्हणजे प्लग दाबून बसवायची पक्कड, हातात घेऊन मी स्वतः लावला होता. तेव्हा प्लॅनच शंभरचा असल्यामुळे सातव्या तारेची कधी कोणाला गरज पडली नाही. मदत केंद्रातील मुलीला मनातल्या मनात जे बोलले होते ते सगळे मागे घेतले.

नवा प्लग लावताना वरचे आवरण बेताने सोलले, पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडला नाही, आणि रंगांचा क्रम लावला: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी घुसते, ती मुलांना विचित्र वाटते, आणि दर सत्रात कोणीतरी शहाणपणा करून दोन्ही टोकांना रंग ओळीने लावतो. टेस्टरचे आठही दिवे पेटतात आणि तो खूश होतो. पण तीन आणि सहा या जागांवर आता दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा आलेल्या असतात, त्यांना एकमेकींचा पीळ नसतो, आणि थोड्या लांब केबलवर जोडणी रडतखडत चालू लागते. टेस्टर तार सलग आहे की नाही एवढेच सांगतो, पीळ कोणाचा कोणाशी आहे हे त्याला दिसत नाही.

मी आठ दिवे पाहिले आणि स्पीड टेस्ट लावली. काटा थोडा थोडा करत २९५ वर गेला. तो एकदम उडी मारत नाही, याचेही कारण आहे. वाट किती रुंद आहे हे टीसीपीला आधी माहीत नसते; ते थोडी पॅकेटे सोडते, पोच आली की आणखी सोडते, आणि पॅकेट हरवू लागली की हात आवरते. ऑक्टोबर १९८६ मध्ये ही सावधगिरी नव्हती, तेव्हा लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला होता. दोन्हींमधले अंतर ४०० यार्ड, म्हणजे ठाण्याच्या तलावपाळीच्या काठाने रमतगमत पाच मिनिटांत कापता येईल एवढे. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय शोधला आणि तो १९८८ साली मांडला. काट्याचा तो दमादमाने चढणारा स्वभाव तेव्हापासूनचा.

दुसऱ्या दिवशी ऐरोलीहून बहीण आणि भाचा दर्शनाला आले. भाच्याने आरती संपताच लॅपटॉप माझ्या वायरला लावला आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "मावशी, पिंग तेवढाच आहे गं. अडुसष्ट." पिंग म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. त्याचा गेम सिंगापूरच्या सर्व्हरशी बोलत होता. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन ७,८०० किलोमीटरला ३९ मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्राखालची केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. वर वाटेतले राउटर आपापला वेळ घेतात. तारेची रुंदी तिप्पट केल्याने सिंगापूर जवळ येत नाही, असे मी त्याला सांगितले आणि सेटिंगमध्ये मुंबईचा सर्व्हर निवडायला लावला. पिंग सहावर आला.

"मग तू वायर कशाला बदललीस?" त्याने विचारले. तेवढ्यात गेमने ४० गिगाबाइटचे अपडेट मागितले. जुन्या प्लगवर त्याला जवळपास एक तास लागला असता. ते अठरा मिनिटांत उतरले, आणि स्वयंपाकघरात मोदकांची दुसरी वाफ तोवर झाली होती.