भिडस्त शिकारी

रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा काचटँक, बाळगणारा माणूस हौशी असतो आणि मनातून थोडासा दिखाऊही असतो. खारं पाणी कालवा, त्याची घनता १.०२५ च्या आसपास राखा, तापमान पंचविशीच्या पुढे-मागे हलू देऊ नका, प्रवाळांसाठी कॅल्शियम मोजा, पाण्यातली घाण फेसावाटे काढणाऱ्या स्किमरचा काळा गाळ ओता. हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर काचेपलीकडे काहीतरी बघण्यासारखं असावं आणि आल्यागेल्याने ‘वा!’ म्हणावं म्हणून. अशा टँकमध्ये दिवसभर तोंड न दाखवणारा मासा आणून सोडायचा म्हणजे हौसेला हरताळच. तरीही काही जण कॉमेट पाळतात. मीही त्यातलाच.

कॉमेटला मरीन बेटा असंही म्हणतात, ते त्याच्या लांब, पसरट पंखांमुळे. गोड्या पाण्यातल्या बेटा नावाच्या माशाशी त्याचं नातं नाही. शास्त्रीय नाव कॅलोप्लेसिऑप्स अल्टिव्हेलिस. लाल समुद्रापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत, प्रवाळांच्या कपारींत त्याची वस्ती. पूर्ण वाढला की वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटरच्या आसपास होतो. काळपट तपकिरी अंग, त्यावर अगदी पंखांच्या टोकांपर्यंत पांढरे ठिपके. वय वाढतं तसे हे ठिपके बारीक होत जातात आणि त्यांची संख्या वाढते. पाठीवरच्या पंखाच्या मागच्या टोकाला, बुडाशी, फिकट कडा असलेला एक काळा गोल असतो. त्या गोलाची गोष्ट पुढे येईल. एवढं देखणं रूप घेऊन हा मासा खडकाच्या मागे जाऊन बसतो, हे पहिल्यांदा पाळणाऱ्याला फार लागतं.

अडचण प्रकाशाची आहे. प्रवाळांच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला बराच वाटा प्रवाळाला देतं. म्हणून टँकवर आठ-दहा तास लखलखीत दिवे लावावेच लागतात. कॉमेटला नेमका तोच उजेड नकोसा. त्याचा दिवस तिन्हीसांजेला सुरू होतो. एकाच पेटीत एक भाडेकरू दिवसपाळीचा, दुसरा रात्रपाळीचा, आणि विजेचं बटण आपल्या हातात. यावर उपाय साधा आहे: खडक रचतानाच खोल, आरपार जाणाऱ्या, दोन तोंडांच्या गुहा ठेवायच्या आणि दिवे एकदम न विझवता हळूहळू मंद करत न्यायचे. लपायला जागा भरपूर असेल तर तो जास्त वेळा बाहेर येतो, हे ऐकायला उलटं वाटतं पण अनुभव तोच आहे. पळून जाण्याची सोय जवळ असली की चार पावलं पुढे टाकायला कोणाचीच हरकत नसते.

जेवणाची वेळ हे खरं प्रकरण. क्लाउनफिश आणि डॅमसेल ही मंडळी आपला हात झाकणाकडे जाताना बघूनच वर येतात आणि तुकडा पाण्यात पडायच्या आत मटकावतात. कॉमेट या झोंबाझोंबीत पडत नाही. त्याला काही नको असेल असं समजून सोडून दिलं, तर तो खडकामागे निमूटपणे उपाशी राहील. म्हणून आधी टँकच्या एका टोकाला बाकीच्यांची पंगत उरकायची. पंप बंद करायचे. मायसिस म्हणजे कोळंबीसारखे इवलेसे जीव; त्यांची गोठवलेली वडी टँकच्याच पाण्यात सुटी करून ठेवलेली असते, ती लांब पिपेटमध्ये ओढून गुहेच्या तोंडाशी हलकेच सोडायची. सोडायची म्हणजे चार-सहा दाणेच. जास्त सोडलं आणि ते कपारीत सडलं की पाणी बिघडवणारी, अमोनियापासून नायट्रेटपर्यंतची सगळी साखळी आपल्याच मानगुटीवर बसते. नवा मासा बहुधा गोठवलेल्या अन्नाकडे बघतही नाही. त्याला जिवंत आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले इटुकले कवचधारी जीव), जिवंत बारीक कोळंबी असं काही हलतं-डुलतं द्यावं लागतं, आणि मग त्यातच गोठवलेलं मिसळत न्यावं लागतं.

दिवे मालवल्यावर लाल टॉर्च लावून बघावं. प्रवाळांतल्या बऱ्याच माशांना लाल उजेडाचं फारसं भान नसतं, कारण पाणी लाल रंग वरच्या थरातच पिऊन टाकतं. त्या उजेडात गुहेच्या तोंडाशी आधी नुसतं नाक दिसतं. मग डोळा. हा डोळा खोबणीत फिरतो, दाण्यावर थांबतो, पुन्हा फिरतो. मग मासा बाहेर येतो, पण सरळ येत नाही. आडवा येतो. सगळे पंख पूर्ण उघडलेले, डोकं किंचित खाली, शेपटी एका बाजूला वळवलेली, आणि हालचाल फक्त छातीच्या दोन पारदर्शक पंखांची. घड्याळाचा तासकाटा सरकतो तसा तो सरकतो: सरकताना दिसत नाही, सरकल्यावर कळतं. दाण्यापासून बोटभर अंतरावर तो इतका वेळ थांबतो की आपल्यालाच जांभई येते. जांभई देऊन बघावं तर दाणा नाही.

हे पाहिल्यावर मला त्याला लाजाळू म्हणणं अवघड जायला लागलं. आपण स्वभावांच्या जोड्या लावून ठेवलेल्या असतात. शिकारी म्हटला की उर्मट, अंगावर येणारा, टँकमध्ये दादागिरी करणारा. लाजाळू म्हटला की गरीब बिचारा, दुसऱ्याने खाऊन टाकावा असा. कॉमेट या हिशेबात बसत नाही, कारण त्याचा संकोच हेच त्याचं हत्यार आहे. तो आडवा आणि संथ येतो म्हणून समोरच्या कोळंबीला आपल्यावर कोणी चाल करून येतंय असं वाटतच नाही, पाण्याच्या ओघात काहीतरी ठिपक्याठिपक्यांचं वाहत येतंय असं वाटत असावं. ज्या भिडस्तपणाने तो पाहुण्यांसमोर येत नाही, त्याच भिडस्तपणाने तो भक्ष्याच्या तोंडापर्यंत पोहोचतो. घाबरून लपणं आणि दबा धरून बसणं बाहेरून सारखंच दिसतं. त्यातलं कोणतं चाललंय हे फक्त माशाला माहीत.

म्हणून त्याच्या गरीब चेहऱ्यावर जाऊन सोबती निवडू नयेत. प्रवाळांना तो हात लावत नाही, त्याच्या तोंडात न मावणाऱ्या माशांच्या वाटेला जात नाही, स्वतःहून भांडण उकरून काढत नाही. पण इटुकल्या शोभेच्या कोळंब्या आणि सुईएवढे गोबी मासे सकाळी मोजले तर कमी भरण्याची शक्यता दाट. त्याचं मिटलेलं तोंड लहान दिसतं, उघडलेलं तसं नसतं. उलट बाजूने पाहिलं तर धसमुसळे, सारखे अंगावर धावून जाणारे मासे त्याच्या सोबतीला चालत नाहीत. तो त्यांच्याशी भांडणार नाही, नुसता बाहेर यायचा बंद होईल. तब्येतीने मात्र चिवट असतो. सुरुवातीचे उपासतापास निभावले की वर्षानुवर्षं टिकतो. माणसांनी पाळलेल्या जोड्यांनी अंडीही घातली आहेत. ती गुहेतच घातली जातात आणि राखणीला नर बसतो. म्हणजे बाहेर न येण्याला आणखी एक सबळ कारण.

आता तो काळा गोल. कॉमेटला धोका वाटला की तो डोकं कपारीत घालतो आणि मागचा भाग बाहेरच ठेवतो. ही घाईगडबड नव्हे. बाहेर राहिलेल्या त्या भागावर काळा गोल डोळ्याच्या जागी येतो, पाठीवरचा पंख आणि शेपटी यांच्यामधली फट तोंडासारखी दिसते, आणि पांढऱ्या ठिपक्यांचं काळपट डोकं बिळातून बाहेर काढून बसलेली मोरे ईल, म्हणजे सापासारखा लांबलचक मासा, तयार होते. जिम्नोथोरॅक्स मेलिअॅग्रिस नावाची एक ईल खरोखर अशीच दिसते आणि तिच्या दातांशी कोणी मस्करी करत नाही. जॉन मॅकॉस्कर या मत्स्यशास्त्रज्ञाने १९७७ साली ‘सायन्स’मध्ये ही नक्कल मांडली. निरुपद्रवी जीवाने धोकादायक जीवाचं रूप घेण्याला बेट्सियन नक्कल म्हणतात, हेन्री वॉल्टर बेट्सच्या नावावरून. त्याने १८६२ साली अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या फुलपाखरांबद्दल लिहिताना ही कल्पना मांडली होती. मात्र ‘निरुपद्रवी’ हा शब्द इथे मला जरा खटकतो. ईलला भिऊन लांब जाणाऱ्यांसाठी तो निरुपद्रवी असेलही. मायसिसचं मत वेगळं पडेल.

टँकमध्ये ईलचा हा प्रयोग फुकट वाया जातो असं मी समजत होतो, कारण तिथे त्याला खाणारं कोणीच नाही. काचेवर बोट टेकवलं, समोरून कोणी धाडकन चालत गेलं, की गडी डोकं आत घालतो आणि शेपटी आपल्याकडे करून बसतो. ओळखीचे लोक पंख बघून हसतात. पण मध्यंतरी शेजारचा मुलगा काचेला नाक लावून उभा होता. तो एकदम दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, “काका, तुमच्या टँकमध्ये साप आहे.” मी म्हटलं, बरोबर. त्याला नीट बघू दिलं. तो आईला बोलवायला निघाला तेवढ्यात सापाने कपारीतून तोंड बाहेर काढलं, म्हणजे दुसरं तोंड, आणि मुलगा आळीपाळीने दोन्ही टोकांकडे बघत राहिला. शेवटी त्याने मला विचारलं, “याला घास कुठल्या बाजूने देता?”