कुमसाराची वाट : सावंतवाडी ते जुनं गोवं

सावंतवाडीहून जुनं गोवं साधारण ६५ ते ७० किलोमीटर. नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही ते तीन दिवसांत चालतो. पहिल्या दिवशी बांदा, पत्रादेवी करत पेडण्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी कोलवाळचा पूल, म्हापसा आणि पर्वरी. तिसऱ्या दिवशी मांडवी ओलांडून, रायबंदरच्या जुन्या बांधावरून सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, पायाशी. त्याचं फेस्त (वार्षिक सण) ३ डिसेंबरला असतं आणि नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होते. चालायचं नोव्हेनाच्या दिवसांत. फेस्ताच्या पहाटे पोचलं की कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, लांब रांग लागलेली असते, मागे माणसं उभी असतात, आणि तीन दिवस मनात जुळवलेलं दोन मिनिटांत उरकलं जातं.

पहिल्यांदा येणाऱ्याला आम्ही विचारतो, कुणाचं काही देणं आहे का? उसने घेतलेले पैसे, दाबलेली जमीन, भावाशी वर्षभर धरलेला अबोला. ते आधी मिटवून ये, मग पिशवी भर. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशूने हाच क्रम सांगितला आहे: अर्पण वेदीपुढे ठेव, आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदारानेही निम्मी मालमत्ता गोरगरिबांना आणि लुबाडलेल्याला चौपट परत, असा आकडाच बोलून दाखवला होता. पायाला फोड आले म्हणून देणं फिटत नाही. चालणं हे प्रायश्चित्त आहे. पश्चात्ताप त्याआधी घडायला लागतो.

‘पश्चात्ताप’ या आपल्या मराठी शब्दात मागाहून होणारा ताप तेवढा आहे. हिब्रूमध्ये यासाठी ‘शूब’ म्हणतात, म्हणजे मागे फिरणं. ग्रीकमधल्या ‘मेटानोइया’त मन पालटणं आहे. ताप येशूला धरून देणारा शिष्य यहूदा, त्यालाही झाला. त्याने तीस नाणी परत केली, निर्दोष माणसाला धरून दिल्याचं पाप तोंडाने कबूलही केलं. फक्त तो येशूकडे परतला नाही. दुसरा शिष्य पेत्र येशूला ओळखतच नाही म्हणाला, मग रडला आणि नंतर किनाऱ्यावर येशू दिसताच पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला. वाटेत कुणी ‘मला काही माफी नाही’ म्हणू लागला तर आम्ही या दोघांची गोष्ट सांगतो. त्याला ती लगेच पटेलच असं नाही, म्हणून संध्याकाळी पुन्हा सांगतो.

पहाटे साडेतीन-चारला निघायचं, कारण दहानंतर डांबर तापतं. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेने एकेरी रांग, पुढच्या-मागच्याला चमकणारी जॅकेटं आणि हातात बॅटरी. मालपेच्या उतारावर गाणी बंद, ट्रकचा आवाज ऐकू आला पाहिजे. मोजे दोन जोड आणि टाचेला निघण्यापूर्वीच चिकटपट्टी. फोड घासण्याने आणि घामाने येतो, तो आल्यावर लावलेली पट्टी फारशी कामाची नाही. नवे बूट घालून येणारे पेडण्यालाच लंगडतात. जपमाळेची पाच दशकं (दहा-दहा प्रार्थनांचे गट) साधारण वीस मिनिटांत होतात, तेवढ्यात दीड किलोमीटर सरतं. प्रत्येक जपमाळेनंतर तितकाच वेळ गप्प चालायचं. हा गप्प वेळ मनाच्या झडतीचा.

झडतीसाठी दहा आज्ञा तीन दिवसांत वाटून घेतल्या की सोपं जातं. पहिल्या दिवशी देव आणि घर: प्रार्थना, रविवार, आईवडील. दुसऱ्या दिवशी पैसा, देह आणि जीभ. याला वेळ जास्त लागतो, जिभेला तर फारच. तिसऱ्या सकाळी नवं काही शोधायचं नाही, बायबलमधलं पश्चात्तापाचं ५१वं स्तोत्र सावकाश म्हणायचं. रडू आलं नाही म्हणून कुणी घाबरू नये. पापाचा तिटकारा आणि ते पुन्हा न करण्याचा निश्चय एवढं लागतं. देवावरच्या प्रेमाने झालेलं दुःख श्रेष्ठ, पण शिक्षेच्या भीतीने आलेलं दुःखसुद्धा या संस्काराला पुरतं, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

कुमसारात चुका ठरलेल्या. ‘फादर, सगळीच पापं केली’ म्हणणं, म्हणजे काहीच न सांगणं. गंभीर पाप असेल तर काय केलं आणि किती वेळा, दोन्ही सांगायचं. सासूचं, नवऱ्याचं, शेजाऱ्याचं पाप सांगत बसायचं नाही. लाजेने जाणूनबुजून गंभीर पाप लपवलं तर ते कुमसारच फुकट जातं. विसरून राहिलं तर त्याचीही क्षमा होते, आठवल्यावर पुढच्या वेळी सांगावं. फादर ते कुठेही बोलू शकत नाहीत, ही मोहर कुणीही तोडू शकत नाही.

या वाटेवर लूकचा पंधरावा अध्याय वेगळा ऐकू येतो. त्यातल्या गोष्टीत घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाने दूरदेशी भाषण तयार केलं होतं: बापा, मी पाप केलं, मला मोलकऱ्यासारखं ठेव. बाप त्याला दुरूनच पाहतो, धावतो, मिठी मारतो. मोलकरी होण्याचं वाक्य मुलाच्या तोंडून निघतच नाही. बाप मध्येच चाकरांना झगा, अंगठी आणि पायात जोडे आणायला सांगतो. कृपेने काय मिळतं, हे रायबंदरच्या बांधावर सुजलेल्या पायांनी चालणाऱ्याला जोड्यांच्या त्या उल्लेखावरून कळतं. अनवाणी चाकराला नव्हे, घरच्या मुलाला जोडे दिले. पापक्षमा, देवाशी आणि मंडळीशी समेट, मनाची शांती आणि पुढच्या मोहाशी लढायचं बळ, हे सगळं त्या घरात परत घेतलं जाण्यातच येतं.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या आवारात पोचल्यावर आधी पाणी आणि दहा मिनिटं सावली, मग कुमसाराची रांग, मग मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना), आणि सायबाचं दर्शन शेवटी. सायबही १५४२ साली गोव्यात आला तेव्हा इस्पितळात राहून आजाऱ्यांचं कुमसार ऐकायचा. फादरांनी दिलेलं प्रायश्चित्त, एखादी प्रार्थना असो की कुणाला फोन करणं, तिथेच झाडाखाली बसून पुरं करावं. परतीच्या एसटीत बसलं की पाय ठणकतात, डोळा लागतो आणि ते राहून जातं.