नव्व्याण्णव तंबू

आज शेवटी इंडियन फील्ड्सला जाऊन आलो. चार्ल्सटनपासून तासाभरावर, साऊथ कॅरोलिनात सेंट जॉर्ज गावाजवळ मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं जुनं कॅम्प मीटिंग ग्राउंड आहे, म्हणजे मुक्काम करून धार्मिक मेळावा भरवायची जागा. कधीपासून जायचं होतं.

मधोमध चारी बाजूंनी उघडं मोठं लाकडी टॅबरनॅकल, म्हणजे प्रार्थनेचा मांडव, आणि त्याच्याभोवती गोलाकार ९९ खोल्या, ज्यांना इथले लोक अजून ‘टेंट’च म्हणतात, कारण सुरुवातीला लोक खरंच तंबू नाहीतर बैलगाडीतच मुक्काम करायचे, मग हळूहळू लाकडी घरं झाली पण नाव तेच राहिलं. हे ग्राउंड १८४८ चं, पण मेळावा त्याच्याही आधीचा, अमेरिकेतले सुरुवातीचे मेथडिस्ट धर्मगुरू बिशप फ्रान्सिस ॲसबरी १८०१ मध्ये इथल्या जुन्या जागेवर प्रवचन देऊन गेलेत. घोड्यावरून हजारो मैल फिरणारा माणूस!

मेळावा भरतो ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पिकं निघाल्यावर. मला हे फार आवडलं, आधी शेत मग देव, आमच्या गावचा सप्ताह पण असाच ठरायचा.

आज सगळं रिकामं होतं. एका टेंटच्या भिंतीला हात लावला, रंग नाही काही नाही, ऊन खाऊन राखाडी झालेल्या फळ्या, आणि फटीतून आत डोकावलं तर जमीन मातीचीच. मेळाव्यात त्यावर पेंढा पसरतात. घरं पिढ्यानपिढ्या त्याच कुटुंबाकडे, आजीच्या टेंटमध्ये नात.

टॅबरनॅकलच्या बाकावर अर्धा तास नुसता बसलो, उठावंसंच वाटेना. ऑक्टोबरला आईला घेऊन येणार, नक्की.