बॅडमिंटनला गेले, घोडे बघायला

"रविवारी बॅडमिंटनला चाललेय," असं फोनवर सांगितलं, तर बाबांचा पहिला प्रश्न, "कुणाची मॅच आहे?"

त्यांचं काही चुकलं नाही. खडकीत आयुष्य गेलेला आणि साठीपर्यंत हातातली रॅकेट न सोडलेला माणूस दुसरं काय विचारणार? बॅडमिंटन हे इंग्लंडमधलं गाव आहे आणि तिथे ब्यूफोर्टच्या ड्यूकचा वाडा आहे, हे त्यांना ठाऊक होतं. 1870च्या दशकात पुण्याच्या छावणीतले गोरे अधिकारी हा खेळ खेळायचे, त्याला चक्क ‘पूना’ म्हणायचे, सुरुवातीचे नियमही पुण्यातच लिहिले गेले, हे तर आम्ही त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलंय. शेवटी नाव मात्र ड्यूकच्या वाड्याचं चिकटलं, ही त्यांची जुनी तक्रार. "जातेयस तर कोर्टाचा एक फोटो पाठव," म्हणाले.

पण इथल्या लोकांपुढे बॅडमिंटन म्हटलं की कुणाला शटलकॉक आठवत नाही. घोडे आठवतात. 1948च्या लंडन ऑलिम्पिकमधली इव्हेंटिंगची, म्हणजे घोडेस्वारीच्या तिहेरी परीक्षेची, स्पर्धा पाहून तेव्हाच्या ड्यूकनं ठरवलं की आपल्या स्वारांना सराव हवा, आणि 1949पासून स्वतःच्याच आवारात स्पर्धा भरवली. आज या खेळातल्या माणसाला एकच स्पर्धा जिंकायला मिळणार असेल तर बहुतेक जण हीच मागतील.

मी ब्रिस्टलला राहते, गाव अर्ध्यापाऊण तासावर. तरी सात वर्षांत कधी गेले नव्हते. या वेळी शेजारच्या आजी म्हणाल्या, "तू गाडी चालव, तिकीट माझं." आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या. लहानपणी तट्टू, तरुणपणी घोडा, आता गुडघे गेलेत म्हणून फक्त कुत्रा.

तारीख 7 मे 2023. एरवी क्रॉसकंट्री, म्हणजे रानातली दौड, शनिवारी असते, पण त्या शनिवारी चार्ल्स राजांचा राज्याभिषेक, म्हणून ती रविवारी ढकललेली. दोन गाड्या कशाबशा समोरासमोर जातील एवढ्या गल्ल्यांतून सगळा पश्चिम इंग्लंड तिकडेच निघालेला. आम्ही पोचलो तेव्हा पहिले काही घोडे पळूनही गेले होते. आमचं म्हणजे अगदी वरातीमागून घोडं. गाडी कुरणात लावायची, आणि कुरण म्हणजे नुसता राडा. आषाढात भातखाचरात उतरल्यासारखे पाय आत जात होते. मी शहाणपणानं घातलेले पांढरे स्पोर्ट्स शूज पाहून आजी काही बोलल्या नाहीत, फक्त आपल्या गुडघाभर रबरी बुटांकडे एकदा पाहिलं.

इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्याची, एकाच स्वारासोबत, तीन परीक्षा. आधी ड्रेसाज. टोपी-कोटात बसलेला स्वार हात न हलवता, आवाज न करता घोड्याला ठरलेल्या चाली चालायला लावतो. मग क्रॉसकंट्री. साधारण साडेसहा किलोमीटर रान, उतार, पाणी, खंदक, आणि हलणार नाहीत असे जाड ओंडक्यांचे अडथळे. शेवटी मैदानातली उडी, जिथे अडथळ्याच्या दांड्या खुरानं नुसत्या शिवल्या तरी पडतात. गुण नसतात, दोष मोजतात, ज्याचे कमी तो जिंकला. क्रॉसकंट्रीत घोडा एकदा अडला की 20, वेळेपेक्षा प्रत्येक सेकंद उशिराला 0.4, मैदानात एक दांडी पाडली की 4. आदल्या दिवशी ऊर फुटेस्तोवर धावलेल्या जनावरानं दुसऱ्या दिवशी खूर जपून उचलायचे, ही यातली खरी मेख.

आम्ही दोरीच्या कडेकडेनं चालत निघालो. नकाशा माझ्या हातात, पण वाट आजींना पाठ. दर थोड्या वेळानं शिट्टी वाजायची, की माणसं वाट सोडून मागे सरायची. घोडा दिसण्याआधी जमिनीतून कळतो, हे मी ऐकून होते. तसंच होतं. तळव्यांना आधी थरथर जाणवते, मग नाकपुड्यांचा तालात फुस्स फुस्स आवाज, आणि मग चिखल उडवत काहीतरी प्रचंड बाजूनं निघून जातं. टीव्हीवर यातलं काहीच येत नाही.

"टॉडला मी पहिल्यांदा इथंच पाहिलं," आजी म्हणाल्या. "कुठल्या साली?" मी विचारलं. "सदर्न कम्फर्टच्या वेळी."

मला आधी कळेना. मग लक्षात आलं, आजी सालं सांगतच नाहीत, घोड्यांची नावं सांगतात. आमच्या आजीचं सगळं आयुष्य ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ असं विभागलेलं होतं, तसं यांचं. साल मग मी फोनवर शोधून लावायचं.

सदर्न कम्फर्ट म्हणजे 1980. मार्क टॉड हा स्वार न्यूझीलंडच्या केंब्रिज गावचा, चोवीस वर्षांचा, इथे कुणाच्या फारसा ओळखीचाही नसलेला. पहिल्यांदाच बॅडमिंटनला उतरला आणि जिंकून गेला. उंची सहा फूट तीन इंच. "घोड्यावर बसला की पाय पोटाखाली लोंबायचे," आजी हसून म्हणाल्या. पुढे काही वर्षं तो मायदेशी गाई पाळून दूध घालायचा. स्वारी हा पैसेवाल्यांचा खेळ, असं आपण सहज म्हणतो, आणि बरंचसं खरंही आहे. पण यातले खूप जण घोडा तयार करायचा, विकायचा, त्या पैशात पुढचा घ्यायचा, अशाच चक्रात जगतात. जीव लावलेलं जनावर विकणं हा धंद्याचा भाग.

मग आला करिश्मा. घोड्याची उंची ‘हँड’मध्ये मोजतात, एक हँड म्हणजे चार इंच. करिश्मा भरला पंधरा हँड तीन इंच, म्हणजे खांद्याशी जेमतेम सव्वापाच फूट. या खेळात हे तट्टूच. शिवाय खादाड. लाडाचं नाव ‘पॉज’, म्हणजे आपल्याकडचं ‘ढोल्या’. मला भीमथडीची तट्टं आठवली, ठेंगणी पण दम न सोडणारी, ज्यांच्या पाठीवर मराठे कुठल्या कुठे जाऊन आले. आजींना ते सांगायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात शिट्टी झाली.

या ढोल्यावर बसून टॉडनं 1984च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. शेवटच्या दिवशी अमेरिकेची कॅरन स्टाइव्हज पुढे होती. तिच्या घोड्यानं एक दांडी पाडली आणि सुवर्ण न्यूझीलंडला गेलं. चार वर्षांनी सोलला तोच स्वार, तोच घोडा, आता सोळा वर्षांचा, आणि पुन्हा सुवर्ण. इव्हेंटिंगमध्ये लागोपाठ दोन वैयक्तिक सुवर्णं त्याआधी फक्त नेदरलँड्सच्या पाहूद द मॉर्तांजेसनं 1928 आणि 1932 साली घेतली होती. गंमत म्हणजे या करिश्माला बॅडमिंटन कधी जिंकता आलं नाही. 1984 आणि 1985, दोन्ही वर्षी दुसरा. आजींना याचं अजून वाईट वाटतं. टॉडबद्दल नाही, घोड्याबद्दल.

तळ्यापाशी सगळ्यात जास्त गर्दी. खरं सांगायचं तर निम्मे लोक कुणीतरी पाण्यात पडावं म्हणूनच तिथे उभे असतात. आमच्यासमोर एक घोडा काठावर येऊन थबकला, पाण्याकडे पाहिलं, आणि ठाम नकार दिला. स्वाराचा तोल गेला, पण मानेला मिठी मारून तो राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली, कारण हा खेळ जीव घेतो. याच भीतीपोटी आता काही अडथळ्यांना अशा खिळी लावतात की घोडा जोरात आदळला तर ओंडका खाली पडावा, आणि स्वारांच्या अंगात हवेनं फुगणारी जाकिटं असतात. आजींच्या काळात यातलं काही नव्हतं.

काठीनं पलीकडचा उतार दाखवत त्यांनी मग ‘बर्टी ब्लंटची गोष्ट’ सांगितली. 1995. बर्टी ब्लंट हा जोरकस घोडा, टॉड त्याच्यावर, आणि सुरुवातीलाच एका बाजूच्या रिकिबीचा पट्टा तुटला. क्रॉसकंट्रीत स्वार खोगिरावर बसत नाही, दोन्ही रिकिबींवर उभा राहिल्यासारखा तोल सांभाळतो. एक गेली की एक पाय हवेत. कुणीही थांबला असता. टॉड उरलेली अर्ध्याहून जास्त वाट एकाच रिकिबीवर गेला, सगळे अडथळे पार करत. "आम्ही ओरडायचंसुद्धा विसरलो होतो," आजी म्हणाल्या. दुसऱ्या वर्षी, 1996 साली, त्याच बर्टी ब्लंटवर तो इथं जिंकला. त्याआधी 1994 साली जिंकला तो हॉर्टन पॉइंटवर, आणि तो घोडा तर ऐनवेळी हाती आलेला, स्वतःचा नव्हेच.

दुपारी एका पडलेल्या झाडावर बसून डब्यातली थालीपीठं खाल्ली. आजींनी लोणच्यासकट दोन संपवली. तेव्हा मी माझ्याकडची एक गोष्ट सांगितली. 2000च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये टॉडला आयस्पाय नावाच्या घोड्यावर वैयक्तिक कांस्य मिळालं, त्याच स्पर्धेत आमच्या मुंबईचा इम्तियाज अनीस उतरला होता आणि तेविसावा आला होता. एकवीस वर्षांनी टोकियोत बंगळुरूचा फवाद मिर्झा उतरला, अंतिम फेरीत पोचला, आणि तोही तेविसावाच. मधल्या चार ऑलिम्पिकमध्ये आपलं कुणी नव्हतं. "घोडा कुठला होता?" आजींनी विचारलं. अनीसचा स्प्रिंग इन्व्हेडर, मिर्झाचा सेन्यॉर मेडिकॉट. त्यांनी दोन्ही नावं पुटपुटून पाहिली. आता त्यांना ती वर्षं लक्षात राहतील.

सिडनीनंतर टॉड निवृत्त झाला, मायदेशी परतला. आंतरराष्ट्रीय महासंघानं त्याला इव्हेंटिंगमधला शतकातला सर्वोत्तम स्वार ठरवलं होतं, म्हणजे गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण बावन्नाव्या वर्षी, 2008च्या ऑलिम्पिकला, तो परत आला. आणि 2011 साली लँड व्हिजन नावाच्या घोड्यावर पुन्हा बॅडमिंटन जिंकलं. वय पंचावन्न, पहिल्या विजयाला एकतीस वर्षं झालेली. मी चाळिशीत जिना चढताना कठडा धरते.

2019 साली त्यानं कायमचा निरोप घेतला. इथवर सगळं ऐकायला छान वाटतं. मग मी 2022च्या व्हिडिओचं विचारलं. प्रशिक्षण देताना पाण्यात उतरायला तयार नसलेल्या घोड्याला तो फांदीनं मारतोय, असं चित्रण बाहेर आलं होतं. त्यानं जाहीर माफी मागितली, शर्यतीच्या घोड्यांचा प्रशिक्षक म्हणून त्याच्यावर निलंबनही आलं. आजी बराच वेळ गप्प होत्या. "मारलं ते वाईटच केलं," एवढंच म्हणाल्या. बर्टी ब्लंटची गोष्ट त्यांनी त्यामुळे मागे घेतली नाही, आणि ही गोष्टही झाकली नाही. मला ते बरं वाटलं. आपल्याकडे एकदा कुणाला देव्हाऱ्यात बसवलं की त्याची धूळसुद्धा झटकू देत नाहीत.

संध्याकाळकडे लाउडस्पीकरवर रॉझ कँटर आणि लॉर्डशिप्स ग्राफालो अशी नावं आली. गर्दी सावरून उभी राहिली. इतरांचे घोडे चिखलात जड होत होते, हा लांब पायांचा घोडा मात्र कान पुढे करून, जणू आपल्याच शेतात फिरावं तसा गेला. तबेल्यात त्याला वॉल्टर म्हणतात. दुसऱ्या दिवशी तीच जोडी जिंकली. आजींनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, "हे वर्ष वॉल्टरचं."

निघताना गाडी रुतली. ट्रॅक्टरवाल्या पोऱ्यानं साखळी लावून बाहेर ओढली आणि पैसे घ्यायला नकार दिला. वाड्याच्या समोरून जाताना मी काच खाली करून एक फोटो काढला. पिवळट दगडाचा लांबलचक दर्शनी भाग, पुढे हिरवळ, आणि कोपऱ्यात मोतद्दाराच्या हातात लगाम असलेला एक घोडा.

रात्री बाबांना पाठवला. पुण्यात पहाट झालेली. लगेच उत्तर आलं, "वाडा चांगला आहे. कोर्ट कुठंय?"