टोपी मधेच उघडते: झोपाळ्याच्या कामातला नवा अडसर

वेल्डिंगची टोपी, म्हणजे ठिणगी पेटताच जिची काच आपोआप काळी होते ती, बदलली एकदाची. जुनी विकायला काढणार नाही, दुसऱ्याच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. तिला आता फक्त ग्राइंडिंगचं काम.

मागच्या नोंदीत झोपाळ्याच्या बैठकीची चौकट टॅक (ठिपक्यापुरते तात्पुरते वेल्ड) मारून गुण्यात, म्हणजे काटकोनात आणून ठेवली होती. राहिले होते ते पूर्ण वेल्ड. पाईप तोच, २५ बाय २५, १८ गेज, म्हणजे भिंत जेमतेम १.२ मिलिमीटर. त्याला मी २ मिलिमीटरचा ६०१३ जातीचा वेल्डिंग रॉड ४५ ते ५० अँपिअरवर चालवतो. वर गेलं की भोक, खाली आलं की रॉड चिकटला. बाहेरचे सांधे छान ओढले गेले. आतल्या कोपऱ्यात शिरलो आणि टोपीचे नखरे सुरू झाले. आर्क (रॉड आणि पाईपामधली जळती ठिणगी) चालू असताना मधेच उघडायची, लख्ख पांढरं व्हायचं, परत काळी. अशा वेळी हात आपोआप वर जातो, आर्क तुटतो, मग खपली (वेल्डवर जमलेला कडक थर) ठोका आणि पुन्हा सुरुवात करा. एकेका कोपऱ्यात इतके जोड झाले की गोधडीचे टाके बरे.

मागच्या वेळी दोघातिघांनी विचारलं होतं की अशी उघडली तर डोळे जातात का. फिल्टर खरा असेल तर अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर त्यात कायमचा असतो. टोपी बंद असो, बॅटरी संपलेली असो, तो आपलं काम करतोच. काळं-पांढरं व्हायचं काम लिक्विड क्रिस्टलच्या थरांचं. त्यामुळे मधेच उघडली तर डोळे दिपतात, तासभर असं चाललं तर डोकं धरतं. पण उघड्या डोळ्यांनी आर्क बघितल्यावर काही तासांनी डोळ्यांत जी वाळू टोचायला लागते तो प्रकार वेगळा. (तो झालाच तर बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.)

सगळी मेख ‘फिल्टर खरा असेल तर’ यात आहे. खोक्यावरचं छापील वाचू नका, काट्रिजवरचं, म्हणजे काळ्या होणाऱ्या काचेच्या डबीवरचं वाचा. तिथे ‘४/९-१३’ असं काहीतरी (उघडी आणि काळी असताना किती काळोख ते), मग बनवणाऱ्याची खूण, मग ‘१/२/१/२’ सारखे चार आकडे आणि शेवटी ३७९ हा युरोपच्या मानकाचा नंबर असतो. ते चार आकडे म्हणजे काचेतून वाकडंतिकडं किती दिसतं, धूसर किती, सगळीकडे काळोख सारखा आहे का, आणि तिरकं बघितलं तर किती फरक पडतो. १ सगळ्यात चांगला, ३ सगळ्यात खालचा. माझ्या जुन्या टोपीच्या खोक्यावर हे मानक ठळक अक्षरांत होतं, काट्रिजवर अवाक्षर नाही. ऑनलाइन विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे, “सर, सगळे हेच घेतात.” बरं.

आता मूळ दुखणं. मला शंका दोन होत्या. एक तर पाईप टोपीच्या सेन्सरच्या (आर्कचा उजेड ओळखणाऱ्या डोळ्याच्या) आड येत असणार, नाहीतर ४५ अँपिअरचा आर्क सेन्सरला पुरत नसणार. डोळ्यांनी हे कळत नाही, कारण उघडल्या क्षणी आपण दिपलेलो असतो. म्हणून टोपी स्टुलावर दोरीने बांधली, आत मोबाईल रबरबँडने काचेला टेकवून बसवला, स्लो मोशन लावलं, आणि मी आपली जुनी हातातली स्क्रीन धरून शेजारी बसून वेल्ड ओढला. मोबाईल फिल्टरच्या मागे असल्याने कॅमेऱ्यालाही धोका नाही.

रेकॉर्डिंग बघताना मजा आली. रॉड आडव्या पाईपाखाली सरकतो, पाईपाची सावली टोपीच्या कपाळावर चढते, दोन्ही सेन्सर झाकले जातात, क्षणभर काहीच होत नाही (हा डिलेचा वेळ, म्हणजे आर्क दिसेनासा झाल्यावर काच उघडेपर्यंतचा), आणि मग फटकन सगळं पांढरं. टोपी वीतभर वर उचलून तोच सांधा ओढला तर शेवटपर्यंत काळी. पहिला चोर सापडला.

मग सपाट पट्टीवर, मध्ये काही आड न ठेवता, सेन्सिटिव्हिटी (सेन्सरने किती मंद उजेड ओळखायचा ते) खाली ठेवून बघितलं. ३.१५ चा रॉड ९० अँपिअरवर: टोपी खडखडीत. २ चा रॉड ४५ वर: फडफड. म्हणजे चोर दोन.

दुसऱ्या चोराचं कारण अक्कलकोट रोडच्या मामांकडे गेल्यावर नीट उमगलं. त्यांच्याकडे वेल्डिंगचं जुनं तेलाचं ट्रान्सफॉर्मर मशीन आहे. तीच टोपी, तेवढाच करंट, आणि एकदाही उघडली नाही. बरेच सेन्सर नुसता उजेड मोजत नाहीत, उजेडाची थरथरही बघतात. एसी ट्रान्सफॉर्मरचा आर्क सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, सेन्सरला तो लगेच ओळखू येतो. आपल्या इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनचा डीसी आर्क गुळगुळीत, त्यात करंट कमी. स्वस्त टोपीला तो आर्क वाटतच नाही. मामांचं म्हणणं वेगळं: “टोपी कशाला लागती बे? टॅक मारताना डोळे मिटायचे की.” मामांच्या पापण्या कशा आहेत ते सांगत बसत नाही.

तर नवी टोपी. थ्रीएमची स्पीडग्लास डोळ्यांसमोर होती, खोटं कशाला बोलू. हे तंत्र बाजारात आणणारं नाव तेच. स्वीडनच्या हॉर्नेल कंपनीने १९८१ मध्ये ती काढली, पुढे कंपनी थ्रीएमने घेतली. पण पाच आकडी किंमत देऊन झोपाळा करायचा तर तयार झोपाळा आणावा. अडीच हजारांच्या आत काय मिळतं ते बघायचं ठरवलं, आणि या वेळी ऑनलाइन नाही, दुकानात जाऊन हातात घेऊन.

माझी कसोटी आता वेगळी झाली आहे. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो तो वेग, १/२५००० सेकंद, १/३०००० सेकंद. १/२५००० म्हणजे ०.०४ मिलिसेकंद. माझ्या मोबाईलच्या स्लो मोशनची एक फ्रेमच ४ मिलिसेकंदांची, म्हणजे हा आकडा घरी तपासायची सोय नाही. आणि आपल्यासारख्याला या दोन वेगांतला फरक जाणवणारही नाही. त्यापेक्षा सेन्सर मोजा. चार हवेत, त्यातले दोन काचेच्या खालच्या अंगाला, म्हणजे वरचे पाईपाआड गेले तरी खालच्यांना आर्क दिसतो. सेन्सिटिव्हिटी आणि डिले या दोन वेगळ्या चकत्या हव्यात, ‘लो-हाय’चा एकच खटका नको. बॅटरी बदलता येणारी हवी. सोलर पट्टी बहुतेकांना असते, पण नुसत्या सोलरवरची सीलबंद टोपी कपाटात पडून राहिली की पहिल्या ठिणगीला झोपलेली सापडू शकते.

आणखी एक आकडा कुणी विचारत नाही, तो म्हणजे उघड्या अवस्थेतली शेड, काच किती काळी त्याचा आकडा. ४ असेल तर उजेडाचा साधारण ५ टक्के भाग आत येतो, ३ असेल तर १४ टक्के. जवळजवळ पावणेतीन पट! शेडचा प्रत्येक आकडा असाच पावणेतीन पटीने चालतो, म्हणून १० ची ११ केली की एकदम अंधारल्यासारखं होतं. ३ ची टोपी या भावात मिळणं अवघड, मला ४ चीच मिळाली. ४५ अँपिअरला मी ९ वर ठेवतो. ६० च्या पुढे १०.

दुकानात टोपी तपासायला टीव्हीचा रिमोट घेऊन गेलो होतो. सेन्सरवर रोखून बटण दाबलं की बऱ्याच टोप्या क्षणभर काळ्या होतात. चारपैकी तीन सेन्सर बोटांनी झाकायचे, एक उघडा ठेवायचा आणि रिमोट मारायचा, असं एकेक करत गेलो. पहिल्या टोपीचा खालचा उजवा सेन्सर ढिम्म. मालकांनी कुरकुर न करता दुसरी काढून दिली, तिचे चारही चालले. वर म्हणाले, “रिमोट आणणारे तुम्ही पहिलेच.” असा दुकानदार असला तर शंभर-दीडशे जास्त गेले तरी चालतात.

घरी आल्यावर तो बदनाम आतला कोपरा ओढला. एका दमात! खपली ठोकली तर अख्खी सालीसारखी निघाली, खाली बारीक सारखे तरंग. दहा-बारा सेंटिमीटर ही काय लांबी आहे, पण मी दोनदा बोट फिरवून बघितलं (गार झाल्यावर). दुसराही कोपरा तसाच.

तिसऱ्या कोपऱ्याला दुपार कलली आणि टोपी पुन्हा वेडावली. या वेळी उलट. आर्क नसतानाच काळी होऊन बसली. आमचा गच्चीवरचा पत्र्याचा शेड पश्चिमेला उघडा आहे आणि जुळे सोलापुरातलं एप्रिलचं ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. तोंड पश्चिमेला, सेन्सिटिव्हिटी वर, त्यामुळे सेन्सरला ऊनच आर्क वाटतं. सेन्सिटिव्हिटी खाली आणली तर ऊन गप्प होतं, पण ४५ अँपिअरचा आर्कही गप्प. मधली जागा शोधायला चकती केसाकेसाने फिरवली. पाचनंतर सापडते, तीनला सापडत नाही. महागड्या काही टोप्या उजेडाऐवजी आर्कचं विद्युतचुंबकीय क्षेत्र ओळखतात, त्यांना उन्हाशी देणंघेणं नाही. त्या आपल्या खिशाच्या नाहीत.

म्हणून टेबल फिरवलं, पाठ पश्चिमेला. सेन्सर शांत झाले. पण आता ऊन पाठीमागून टोपीत शिरतं आणि काचेच्या आतल्या बाजूला मला माझंच नाक दिसतं. आर्कपेक्षा नाक ठळक. यावर उपाय घरातच होता. जुनी विरलेली सोलापुरी चादर अर्धी फाडली, टोपीच्या मागच्या पट्ट्याला दोन क्लिपांनी अडकवली, खांद्यांपर्यंत सोडली. सुती आहे म्हणून चालते, पॉलिस्टरचं काही बांधू नका, ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं. आत भट्टी होते हे खरं. आईने खालून बघितलं आणि विचारलं, “गड्ड्याच्या जत्रेला निघालास का?” (म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला.)

मग वाटलं, उन्हाचा त्रासच नको, रात्रीच बसावं. जेवणानंतर बसलो. एलईडी ट्यूब लावली, टोपी घातली, आणि बघतो तर ट्यूबकडे मान वळवली की टोपी काळी! ही ट्यूब स्वस्तातली, तिच्या उजेडात थरथर आहे, सेन्सरला ती आर्कसारखी दिसते. ट्यूब डोक्यामागे नेली आणि टेबलावर चार्जिंगचा दिवा खाली तोंड करून ठेवला, तेव्हा टोपी वळणावर आली. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर, डिले मध्यावर. तिसरा आणि चौथा कोपरा रात्रीच झाले. डिले फार कमी ठेवू नका, या करंटला ६०१३ मध्येच अडखळतो आणि तेवढ्यात टोपी उघडते. टॅकला मात्र कमीच बरा, सांधा लगेच बघता येतो.

नव्या टोपीवर एक राग आहे. शेडची चकती बाहेर, आणि तिच्या पहिल्या टोकाला ग्राइंड मोड. चौकटीत डोकं घालताना चकती पाईपाला घासते आणि सरकते. ग्राइंड मोडला टोपी काळी होतच नाही. चकतीवर इन्सुलेशन टेपची पट्टी मारून ठेवली आहे. ग्राइंडिंगला जुनी टोपी असल्यामुळे मला तो मोड लागतही नाही. म्हणजे ती विकली नाही ते बरंच झालं.

चौकट झाली, आता पाय. आधीचा बेत पाय याच पाईपाचे आणि पूर्ण वेल्डचे करायचा होता. हे लिहिता लिहिता विचार बदलला. पायांना ४० बाय ४०, १६ गेज घेतो, २.५ चा रॉड ७० च्या आसपास चालेल, आर्क भरदार, म्हणजे सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणता येईल आणि दुपारीही काम होईल. वजन वाढेल, वाढू दे. झोपाळ्यावर मामाही बसणार आहेत. लिफ्ट टिगचा (टंगस्टनच्या टोकाने करायच्या वेल्डिंगचा) विचार मात्र पुढे ढकलला. तिथे करंट आणखी खाली, आर्क आणखी गुळगुळीत, आणि या टोपीच्या कागदावर टिगसाठी कमीत कमी किती अँपिअर ते कुठेच छापलेलं नाही. ते छापलेलं असेल अशीच टोपी टिगला घ्या.

आता भिंगाचं विचारायचं आहे. चाळिशीचा चष्मा टोपीत वाफेने धुरकटतो. काट्रिजच्या मागे भिंग सरकवायला खाच आहे, ५१ बाय १०८ मिलिमीटरचं बसेल असं मापावरून दिसतं. माझा नंबर दीड. वेल्डिंगला तोच घ्यावा की अर्धा जास्त, हे कुणी वापरून बघितलं असेल तर सांगा, पायांचा पाईप आणायला जाईन तेव्हा तेही विचारून येईन.