निपाणीपर्यंत मांडे

भाचीच्या रुखवतात मांडे बेळगावचेच पाहिजेत आणि ते मामानं आणायचे, असं बहिणीनं परस्पर ठरवून टाकलं. वैशाखातलं लग्न होतं, ते एक बरं. पावसाळी हवेत मांडा लगेच मऊ पडतो आणि मग तो नुसता गोड पापड उरतो.

मिठाईच्या दुकानांत मांडे तयार मिळतात. घरी खायला ते ठीक असतात. रुखवतात मांडायचे तर सगळे एका आकाराचे, एका रंगाचे लागतात आणि त्यासाठी ऑर्डर द्यावी लागते. म्हणून आधी एकदा नुसता चौकशीला गेलो. खडे बाजारात खसखस, वेलदोडे विकणाऱ्या दुकानदारापाशी विषय काढला. मांडे कोण चांगले करतं हे मिठाईवाल्यापेक्षा खसखसवाल्याला जास्त ठाऊक असतं, हा माझा अंदाज बरोबर निघाला. पुढच्या गिऱ्हाइकाशी कानडीत हिशोब करता करता त्यानं मला मराठीत शहापुरातल्या एका घराचा पत्ता सांगितला.

तिथल्या मावशींनी भाव सांगायच्या आधी तीन प्रश्न विचारले. लग्न कधी, गाव कुठलं आणि नेणार कशानं? बसनं म्हटल्यावर म्हणाल्या, "मग आदल्या दिवशी सकाळीच येवा. गरम गरम डब्यात भरून देणार नाही मी, वाफ धरतंय. गार झाल्यावरच न्यायचं."

त्यामुळे ठरल्या दिवशी मांडे होताना बसून बघायला मिळालं. मैदा-रव्याची कणीक इतकी मळलेली, की ओढली तरी तुटत नव्हती. तिच्यात पिठीसाखर, तूप आणि खसखशीचं सारण भरून मावशी आधी लाटत आणि मग दोन्ही हातांवर घेऊन ती पोळी फिरवत फिरवत वाढवत नेत. कोपरापर्यंत पोळी आली की चुलीवरच्या पालथ्या कढईवर अलगद टाकायची. आतली साखर वितळून बाहेर यायच्या आत काढायची आणि कडक व्हायच्या आत घडी घालायची. एवढ्यात हात चुकला तर मांडा गेला. मुक्ताबाईंनी ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची गोष्ट लहानपणापासून ऐकतोय, पण पाठच का, हे ती पालथी कढई बघितल्यावर डोक्यात शिरलं. पूर्वी याच कामाला मातीचं खापर असायचं.

मांडे गार व्हायला वेळ होता. बायको म्हणाली, चला, तोवर बाजार करू. गणपत गल्लीत शिरलं की बाजार उरकत नसतो, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. तरी आधी जेवून घेतलं. उडप्याच्या हॉटेलात डोसा खायला निपाणीहून कशाला यायचं? आम्ही खानावळ धरली. जोंधळ्याची भाकरी, भरली वांगी, अंबाडीची भाजी, शेंगाचटणी आणि वर लोण्याचा गोळा. वाढणारा पोरगा भाकरी संपायच्या आत दुसरी टाकत होता, "नको" म्हटलेलं त्याला ऐकूच येत नव्हतं. भाकरी तव्यावरची असेल तोवरच त्या चटणीला चव आहे. म्हणून खानावळीत उशिरा जाऊ नये, गर्दी असतानाच जावं.

मग कुंदा. तो शेवटी घ्यायचा, कारण वजन हातात वागवावं लागतं. दूध आटवून साखरेसकट परतत परतत तांबूस करतात, तो रवाळ लागला पाहिजे. चिकट लागला तर पुढच्या दुकानात जावं. चव बघायला कागदावर थोडा देतात, मागायला लाजू नये. व्याह्यांसाठी गोकाकचा करदंटही घेतला. गूळ, डिंक आणि सुक्यामेव्याचा तो पदार्थ कितीही हेलकावे बसले तरी बिघडत नाही. मांड्यांचं तसं नाही.

मावशींनी मांडे पत्र्याच्या डब्यात उभे लावले होते, मध्ये मध्ये कागद. "आडवे ठेवलात तर खालच्यांचा चुरा," म्हणाल्या. बसस्थानकावर मात्र मोठा प्रश्न होता. 2023 पासून कर्नाटकातल्या साध्या बसला बायकांना तिकीट नाही, त्यामुळे लग्नसराईत पाय ठेवायला जागा नसते. दोन बस सोडल्या. तिसऱ्या बसमध्ये बायको आधार कार्ड दाखवून फुकट बसली, डबा तिच्या मांडीवर, आणि मी तिकीट काढून निपाणीपर्यंत उभा. संकेश्वरला एक आजी चढल्या, डब्यात काय आहे ते विचारलं आणि उत्तर ऐकून सगळ्या बसला दम भरला, "सरका रं जरा, मांडं हायती!" त्यानंतर डब्याला कुणाचा धक्का लागला नाही.

घरी उघडलं तर कडेचे थोडे मोडले होते. बहिणीनं अख्खे तेवढे रुखवतात लावले. मोडलेले त्याच रात्री गरम दूध आणि तूप घालून वाट्यांत वाढले, खायचे तर कुस्करूनच असतात. व्याही गडहिंग्लजकडचे. दुसऱ्या दिवशी त्यांना अख्खा मांडा ताटात वाढला, तर तो मोडायचा की चावायचा यावर त्यांच्या पंगतीत बराच वेळ चर्चा चालली होती.